अठरा जेवणं

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. राजसाबाईंनी मला जेवणाच्या टेबलावरून उठवलं तेव्हा मी रडलो नव्हतो. आमच्या ऑफिसात तशी दंतकथा आहे आणि स्टोअरचा कुमरेसन ती आजही हावभावांसकट सांगतो. पण कुमरेसन हा माणूस स्वतःच्या आंघोळीचं वर्णनसुद्धा लढाईसारखं करतो, तेव्हा त्याचं काय घेऊन बसायचं! माझ्या डोळ्यांत पाणी होतं, हे खरं. ते ताकात मुरवलेल्या मिरचीचं होतं.

झालं ते असं. दुपारचा एक वाजला होता. मी डबा घेऊन जेवणघरात शिरलो आणि अठरा दिवसांच्या सवयीने खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाकडे गेलो. एका खुर्चीवर बाई होत्या. दुसरीवर, म्हणजे माझ्या खुर्चीवर, त्यांची कापडी पिशवी होती.

"बाई, पिशवी..."

"बैसली आहे."

"मग मी?"

"तें मज कां पुसतोस? तेथें सात टेबलें आहेत."

आणि त्यांनी आपल्या डब्याच्या झाकणावर बोटाने दोनदा टिचकी मारली. ही टिचकी म्हणजे सभा बरखास्त. मी सात टेबलांकडे पाहिलं. सातही टेबलं माझ्याकडे बघून हसत होती, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी त्या पिशवीने उठवलेलं होतं. कुमरेसनने सरकून जागा केली. मी बसलो आणि त्याने वाढलेली मिरची चावली. बाकी सगळी दंतकथा.

आता ऑफिसाबद्दल सांगतो. सरकारी गोदामांत जाणाऱ्या तांदळाची प्रत तपासायची, हे आमचं काम. आजूबाजूच्या गिरण्यांमधून नमुने यायचे. ते पांढऱ्या ताटलीत पसरायचे, चिमट्याने तुकडा वेगळा, काळा दाणा वेगळा, खडा वेगळा. "दिवसभर तांदूळ निवडून पगार घेणारा आमच्या घराण्यातला पहिला पुरुष," अशी माझी ओळख आई कऱ्हाडला शेजारणींना करून द्यायची. माझी पहिलीच नेमणूक तंजावूरला झाली होती. तमिळ भाषेतले मला दोनच शब्द येत होते आणि ते दोन्ही खायचे पदार्थ होते.

राजसाबाई तिथे अधीक्षक होत्या. हजेरी, रजा, सेवापुस्तकं असा सगळा कारभार त्यांच्याकडे. तांदळाच्या दाण्याशी त्यांचा संबंध फक्त डब्यातला. उंची बेताची, दोन्ही नाकपुड्यांत पांढऱ्या खड्यांच्या चमक्या, सुती नऊवारी नव्हे तर साधी सहावारी, पण चालायच्या अशा, की मागे पालखी येत असावी. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. ते बघायला त्या हात असा वळवायच्या, की समोरच्याला वाटावं आता थप्पड बसते. नावातलं 'बाई' हे तमिळ सहकाऱ्यांना आडनाव वाटायचं, म्हणून ते आदराने 'बाई मॅडम' म्हणायचे. बाईंचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. मराठी बोलायच्या, पण देवनागरी वाचता येत नव्हतं. किराणा मालाची यादी मराठी, लिपी तमिळ.

मी पहिल्या दिवशी रुजू व्हायला त्यांच्यापुढे उभा राहिलो. दोन रात्रींचा प्रवास, पोटात कॉफी, चेहऱ्यावर शौर्य. त्यांनी कागद पाहिले, कऱ्हाड हे नाव पाहिलं आणि मराठीत विचारलं, "किती दिवस रडणार?"

"मी रडत नाहीये."

"रडतोस कां, हें मी पुसलेंच नाही. किती दिवस, तें पुसलें."

त्यांनी हात वळवून घड्याळ पाहिलं. "एक वाजतां ये. अठरा दिवस मजपाशीं जेवायचें. अस्की नवीं माणसें जेवतात."

अस्की म्हणजे सगळी. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अठराच का, हे मी जेवताना विचारलं, तर म्हणाल्या, "आडि महिन्याच्या, म्हणजे तुमच्या आषाढ-श्रावणाच्या, अठराव्या दिवशीं कावेरी भरते. तेव्हां लोक नदीवर जाऊन चित्रान्न, तऱ्हेतऱ्हेचे भात, खातात. नदीला भरायला अठरा दिवस लागतात, तूं काय तिजहून मोठा?"

अठरा दिवसांत माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी 'नवा' होतो. नवा, बैस. नवा, भात घे. नवा, मान वर करून बघ. त्यांनी मला मुद्दाम दाराकडे तोंड करून बसवलं होतं. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल एक वाक्य मिळायचं. हा मंगळवारी उपास करतो, मंगळवारी त्याजपाशीं सही मागूं नको. हिला मुलाची शाळा पुस, मग फाइल पुस. तो मोठ्याने बोलतो, कारण त्याला एका कानानें ऐकूं येत नाही. राग नव्हे तो.

पण खरा अभ्यासक्रम जेवणानंतर सुरू व्हायचा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "स्टोअरांत कुमरेसन आहे. त्याजकडून खोडरबर घेऊन ये."

मी गेलो, 'रबर' म्हणालो, रबर आणलं, विजयी मुद्रेने टेबलावर ठेवलं.

"त्याचें गांव कोणतें?"

"कुणाचं?"

"रबराचें नव्हे. कुमरेसनचें."

"ते तुम्ही सांगितलंच नव्हतं!"

"रबर मज काय करायचें?" त्यांनी ड्रॉवर उघडला. आत पन्नास-साठ रबरं, टाचण्यांच्या डब्या, दोऱ्याची रिळं, शाईचे पॅड. एक गोंदाची बाटली वाळून दगड झालेली. "वस्तू नाही आणलीस तरी चालेल. गांव आण. जा."

मंडळी, मी परत गेलो. भाषा नव्हती, पण शाळेत मी नाटकातून कामं केली होती. मी कुमरेसनपुढे उभं राहून हातांनी झोपडी केली, गाय केली, गायीचं दूध काढलं, मग त्याच्याकडे बोट दाखवून चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह आणलं. कुमरेसनने माझ्याकडे करुणेने पाहिलं, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि मला दंडाला धरून शौचालयापर्यंत पोचवलं. दारापाशी थांबलासुद्धा.

मग मी कागद घेतला. घर काढलं, नारळ काढला, शेजारी प्रश्नचिन्ह. तो बराच वेळ चित्र बघत राहिला. मग त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या घराशेजारी रेल्वेचे रूळ काढले, केळीची बाग काढली, एक कालवा काढला आणि शेवटी शेपूट वर केलेला कुत्रा. पापनाशमच्या पुढे दोन मैलांवरचं ते गाव. नाव त्याने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. कुत्र्याचंही.

मी बाईंना दोन्ही नावं सांगितली. "कुत्रा जास्तीचा," त्या म्हणाल्या, "पण असूं दे."

चौथ्या दिवशी कुमरेसनने मला त्याच्या मावसभावाकडे भाड्याची खोली मिळवून दिली. सातव्या दिवशी मी टंकलेखिकेकडून दोरा मागायला गेलो आणि ओरत्तनाडुजवळचं एक गाव घेऊन आलो. पंधराव्या दिवसापर्यंत माझ्याकडे तंजावूर जिल्ह्याचा नकाशा तयार झाला होता. त्यात रस्ते नव्हते, नुसती माणसं होती.

दुसरी रीत होती पहिल्या चुकीची. ऑफिसातल्या प्रत्येक जुन्या माणसाने नव्या माणसाला आपली पहिली चूक सांगायची, असा बाईंचा कायदा. कुठल्या दिवशी कोणाला टेबलाशी बोलवायचं, हे त्या ठरवायच्या. या कायद्याचा खरा प्रताप मी अनिताच्या वेळी पाहिला.

अनिता बिहारकडची, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली. सातव्या दिवशी तिने ओलावा मोजायचं यंत्र सालासकटच्या भाताच्या खुणेवर ठेवून तांदूळ मोजला आणि चांगला कोरडा माल ओला ठरवून सगळाच्या सगळा ट्रक परत पाठवला. दुसऱ्या दिवशी गिरणीमालक आला. तो जे बोलला त्यातलं मला आता सगळं कळत होतं, ही माझी प्रगती. तिला काहीच कळत नव्हतं, हे तिचं नशीब. पण आवाज कळतोच. एक वाजता ती बाईंच्या टेबलाशी आली ती हातात राजीनामा घेऊन.

बाईंनी तो घेतला, टेबलावर पसरला आणि त्यावर ताकाचा पेला ठेवला. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नटराजनसाहेबांना बोटाने बोलावलं.

नटराजनसाहेब म्हणजे आमचे मुख्य रसायनज्ञ. ते हसलेले कोणी पाहिले नव्हते. ते येऊन ताठ उभे राहिले.

"सांगा, सर," बाई तमिळमध्ये म्हणाल्या.

"मॅडम, आज राहू दे."

"नवी ऐकते आहे."

साहेबांनी घसा साफ केला आणि मोडक्या हिंदीत सुरुवात केली. शिजवून बघायच्या चाचणीचा तांदूळ, म्हणाले, त्यांच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या ताब्यात दिला होता. गिरणी आणि गोदाम यांच्यात वाद होता, लाखेच्या सीलचा एकच नमुना शिल्लक होता, निकाल त्यावर. त्यांनी तो नियमाप्रमाणे शिजवला. सकाळपासून उपाशी होते. भाताला वास फार सुंदर होता.

"मग?" अनिताने हिंदीत विचारलं.

"दही होतं," नटराजनसाहेब म्हणाले.

एवढं बोलून ते जमिनीकडे बघत राहिले. पुरावा खाल्लेला तो थोर माणूस अनिताला उभा दिसत होता, आणि ती नाकातून हसली. एकदा हसल्यावर थांबता येईना. साहेबांच्या मिशीचं एक टोक हललं. मी सांगतो, हललं.

तिने राजीनामा परत मागितला, तर बाईंनी पेला उचलून कागदावरचा गोल डाग दाखवला आणि आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत बजावलं. "ताकाचा डाग असलेला राजीनामा नियमांत बैसत नाही. नवा लिही. पण दहा दिवस थांबून लिही." दहा दिवसांनी अठरावं जेवण होतं. त्या दिवशी बाई मोठा डबा आणायच्या: लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात, वर कढीलिंबाची खमंग फोडणी. नव्या माणसाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं जायचं. "अनिता, जेव," त्या म्हणाल्या. एकोणिसाव्या दिवशी खुर्चीवर पिशवी.

आता मी जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं थोडं कमी आहे. नाइलाज आहे.

माझ्या अठरा दिवसांत बाई मला एक काम रोज सांगायच्या: "बोल. मराठी बोल, ऐकूं दे." काय बोलू, विचारलं तर म्हणायच्या, कांहींही. मग मी कऱ्हाडच्या घाटावरच्या गमती सांगायचो, शिक्षकांच्या नकला करायचो, आईची पत्रं वाचून दाखवायचो. त्या खाली बघून भात कालवत ऐकायच्या. मध्येच हात थांबायचा. "हा शब्द आमची आजी बोलायची," असं म्हणून पुन्हा कालवायला लागायच्या. घरी त्यांच्याशी मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. नवरा केव्हाच गेलेला. मुलगी चेन्नईला. तिच्या मुलाला मराठी समजायचं, पण तो उत्तर तमिळमध्ये द्यायचा, तेही फोन ठेवायच्या घाईत. एकोणिसाव्या दिवशी मला उठवताना त्या काय सोडत होत्या, हे कळायचं माझं वय नव्हतं. मी मिरची चावून मोकळा झालो.

आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली. बाईंना एकटं जेवायला आवडतं, असं ठरवून टाकलं. नवा माणूस असला की त्यांच्या टेबलावर दोन डबे. तो निघाला की एकच, कधीकधी वर्ष वर्ष. आम्ही सात टेबलांवर एकमेकांची ताटं उष्टी करत हसत होतो, कारण त्यांनीच आम्हाला एकमेकांची गावं आणून दिली होती. खिडकीशी बाई आणि त्यांची पिशवी समोरासमोर बसलेल्या असायच्या. एकदा पोंगलनंतर मी आणि अनिता धीर करून डबे घेऊन गेलो. बाईंनी पिशवी हलवली नाही.

"पास झालेला मुलगा त्याच वर्गांत बैसतो कां? उठून जा."

टिचकी, दोनदा. आम्ही परतलो. आम्हाला वाटलं, आम्ही आज्ञा पाळली.

मग नवी माणसं येणंच थांबलं. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. कामाला एजन्सीची मंडळी यायची, तीही काही आठवड्यांपुरती. बाईंनी त्यांच्यातल्या एका मुलीला टेबलाशी बसवलं. प्रेमा नाव. चौदा जेवणं झाली. पंधराव्या दिवशी एजन्सीने तिला दुसऱ्या गावी पाठवलं. त्या दिवशी एक वाजता समोरची खुर्ची रिकामीच होती, पिशवीसुद्धा ठेवलेली नव्हती. बाई दाराकडे बघत जेवत होत्या. त्यानंतर महिनाभर त्या भेटेल त्याला विचारायच्या, "ती पोर कोठें गेली, कोणाला ठावें?"

त्याच सुमारास माझी पापनाशमच्या केंद्रावर बदली झाली. दोन वर्षांनी परत आलो, तेव्हा सांगतो, मी एक बदमाशी केली. रुजू झाल्याचा अहवाल तीन प्रतींत टाइप केला आणि त्यात 'नव्याने रुजू' हे शब्द अधोरेखित केले. एक वाजता तो कागद आणि डबा घेऊन खिडकीपाशी गेलो. कुमरेसनचा घास हवेत.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. घड्याळ बघायला हात वळवला, मला खरंच वाटलं थप्पड बसणार.

"नियमांत बैसतें," त्या म्हणाल्या. पिशवी उचलून पायाशी ठेवली. "नवा, बैस."

ती दुसरी अठरा जेवणं. मला एव्हाना सगळ्यांची गावं माहीत होती, म्हणून धाडायला जागाच नव्हती. मी बोलत राहायचो, त्या ऐकत राहायच्या. सतराव्या दिवशी मी विचारलं, "बाई, तुमची पहिली चूक कुणी सांगितलीच नाही आम्हाला."

"ती कोणी पाहिली नाही."

"मग तुम्ही सांगा. कायदा तुमचाच आहे."

त्यांनी भात कालवून एका बाजूला केला. मग सांगू लागल्या. त्यांचे यजमान याच ऑफिसात होते. ते अचानक गेले आणि बाईंना त्यांच्या जागी अनुकंपेवर घेतलं. वय एकतीस. तेच टेबल, तीच खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर त्यांच्या तेलाचा डाग. ऑफिसातल्या लोकांना त्यांच्याशी काय बोलावं ते कळेना. सगळे चांगले होते. चांगले होते म्हणूनच लांब राहिले. जेवणघरात बाई या खिडकीशी बसायच्या आणि समोरची खुर्ची कोणी ओढायचं नाही.

"किती दिवस?"

"तेरा महिने."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. माझ्या बाबतीत ही दुर्मिळ घटना आहे.

"त्यांची चूक नव्हे ती," बाई म्हणाल्या. "माझी. मी बैसून राहिलें. कोणी येईल, मग बोलूं, म्हणून. उठून कोणाला एक टाचणी मागितली असती, तर एक दिवसांत झालें असतें." झाकणावर टिचकी. एकच. "म्हणून तुम्हांला मी उठवितें. बैसायची सवय वाईट."

दुसऱ्या दिवशी चित्रान्न आलं. "सदाशिवा, जेव." एकोणिसाव्या दिवशी पिशवी. मी या वेळी हसतच कुमरेसनच्या टेबलाकडे गेलो आणि त्याची एक मिरची स्वतःहून मागून घेतली.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल, हार, भाषणं, सगळं झालं. नटराजनसाहेब भाषणात दह्याची गोष्ट स्वतःहून सांगून गेले आणि लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. ड्रॉवर रिकामा करायचं काम बाईंनी मला दिलं. रबरं, टाचण्या, दोरे. प्रत्येक वस्तू उचलून त्या सांगत गेल्या: हें तुझें. ही अनिताची डबी. हा गोंद नटराजनचा. सगळं ज्याचं त्याला परत केलं. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन आलं.

मी त्यांच्याकडे जाईन जाईन म्हणत आठ महिने गेलो नाही. मग माझी महाराष्ट्रात बदली झाली आणि निघण्याआधी निरोप घ्यायला गेलो. राजवाड्यामागच्या गल्लीत दुपारची सावली एका बाजूला सरकलेली असते, त्या बाजूने चालत गेलो. दार उघडंच होतं. आत एक लहान टेबल, दोन खुर्च्या. बाई जेवायला बसत होत्या. घरातल्या घरात, डब्यातून. स्टीलचा तोच तीन पुडांचा डबा.

समोरच्या खुर्चीवर पिशवी होती.

"ये, सदाशिवा. जेवलास?" त्यांनी पिशवी उचलायला हात पुढे केला. त्या बारीक झाल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन बाहेरच्या बाजूला आलं होतं.

वर कोणीतरी चालत होतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग एक लहान मूल काहीतरी ओरडलं आणि धावलं.

"वर कोण राहतं?" मी विचारलं.

"भाडेकरू. दुसऱ्या मालकाचे."

"कुठले?"

"ठावें नाही."

"केव्हा आले?"

"मी घरीं बैसलें, त्याच महिन्यांत." त्या डब्याचं झाकण उघडत होत्या. "तीं कामाचीं माणसें. येतील कधीं तरी. मग बोलूं."

त्या बोलल्या आणि थांबल्या. स्वतःचं वाक्य त्यांना ऐकू आलं होतं. मलाही.

मंडळी, आयुष्यात मी पुष्कळ नाटकं केली, पण इतका भित्रा प्रवेश दुसरा नाही. मी फडताळातून एक वाटी काढली आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"वर जाऊन कढीलिंब घेऊन या."

"कां? घरांत आहे."

"कढीलिंब नाही आणलात तरी चालेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात वळवायची तयारी दिसली. "मज शिकवितोस?"

"तुम्ही नव्या आहात, बाई. घरी बसायच्या कामावर नव्या आहात. अठरा दिवस लागतील. उठा."

"पायऱ्या उंच आहेत."

"मी इथे बसतो. मोजतो."

त्या उठल्या. पदर सारखा केला. वाटी घेतली, तिच्यावर नखाने दोनदा टिचकी मारली आणि जिना चढू लागल्या. मागे पालखी येत नव्हती. एक हात भिंतीवर होता. वर दार वाजलं, उघडलं, तमिळमध्ये दोन-चार शब्द, दार बंद. दोन मिनिटांत बाई खाली आल्या, वाटी कढीलिंबाने भरलेली, चेहऱ्यावर माझीच ती जुनी विजयी मुद्रा.

मी विचारलं, "गाव कोणतं?"

राजसाबाईंनी वाटीत पाहिलं. मग त्या हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी आवाज करून हसताना पहिल्यांदा ऐकलं.

"विसरलें," त्या म्हणाल्या.

"परत जा."

"आतां काय मागूं?"

"रबर."

त्या पुन्हा चढू लागल्या, या वेळी रिकाम्या हाताने. वळणावर मला त्यांची पाठ दिसली, करड्या केसांचा अंबाडा, मग तेही दिसेनासं झालं. दार वाजलं. उघडलं. मी त्यांच्या खुर्चीवर वाट पाहत बसलो. डब्यातला भात निवला. दीड वाजला, दोन वाजायला आले. वरून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग मुलाचा आवाज. मग पुन्हा त्यांचा, जरा लांबलचक.

माझी गाडी चारची होती. मी डब्याला झाकण लावलं, समोरच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खुंटीला अडकवली. बाहेर पडताना जिन्याच्या वळणापर्यंत चढून वर पाहिलं. दार बंद होतं आणि दारापुढे एका लहान मुलाच्या निळ्या चपलांशेजारी बाईंच्या चपला होत्या.